उत्पन्नाची अट आणि निराधारांचा न्याय

शासनाच्या तिजोरीतून दिली जाणारी मदत खऱ्या गरजूंच्याच हाती पडावी, या तत्त्वाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न उद्भवतो तो गरज मोजावयाची कशी, हा. आपल्याकडे बहुतेक योजनांनी त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न हे माप स्वीकारले आहे. हे माप कितपत न्याय्य आहे, याचा विचार जालन्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्याच्या संदर्भात करणे विशेष उद्बोधक ठरेल.

1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात आज आठ तालुके आहेत. जालना शहर लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी व बियाणे उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. ग्रामीण भागाची मदार मात्र कापूस, सोयाबीन, तूर व मोसंबी यांवर, म्हणजेच अंतिमतः पावसावर आहे. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. एकाच जिल्ह्यात उत्पन्नाचे इतके भिन्न प्रकार नांदत असता त्या सर्वांना एकच फूटपट्टी लावली जाते.

दाखला कशाचा मिळतो?

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीने मिळतो आणि त्याच्या मुळाशी अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र व तलाठ्याची चौकशी असते. कारखान्यातील कायम कामगाराच्या हाती पगारपत्रक असते. त्याचे उत्पन्न रुपयापर्यंत मोजता येते. शेतकऱ्याच्या बाबतीत सातबारा जमीन किती ते सांगतो. त्या वर्षी पावसाने उघडीप दिली काय आणि बोंडे किती लागली, हे तो सांगत नाही. 2012-13 च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. मोसंबीचे नवे झाड फळावर यावयास चार-पाच वर्षे लागतात. तेवढ्या काळात त्या बागाईतदाराची खरी स्थिती कागदावरून ओळखणे कोणत्याही तलाठ्यास कठीणच होते.

ऊसतोड मजुराचे कोडे याहून अवघड आहे. मुकादमाकडून मिळणारी उचल हे उत्पन्न समजावयाचे की कर्ज? हंगाम संपताना ती फिटली नाही, तर हाती आलेले पैसे पुढील वर्षाच्या डोक्यावर बसतात. दाखल्याच्या नमुन्यात अशा रकमेला रकाना नाही. ज्याचे उत्पन्न मोजता येते त्याचे काटेकोर मोजले जाते आणि ज्याचे मोजता येत नाही त्याचा अंदाज बांधला जातो, हीच येथील पहिली विषमता होय.

तीच रक्कम, दोन मर्यादा

महाराष्ट्रात 1980 साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आधार विधवा, दिव्यांग, परित्यक्ता, दुर्धर आजाराने पीडित अशांना मिळत आला आहे. 65 वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. 2023 साली या दोन्ही योजनांची मदत दरमहा 1,500 रुपये करण्यात आली, हे स्वागतार्हच होते. परंतु 2024 साली कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा 21,000 रुपये इतकीच होती. म्हणजे सबंध कुटुंबासाठी महिन्याला 1,750 रुपये. वर्षभराची मदतच 18,000 रुपये होते, हे लक्षात घेता मर्यादा किती तोकडी आहे ते ध्यानात येईल.

आणखी एक हिशेब करून पाहू. 2025-26 या वर्षासाठी महाराष्ट्रात राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरविण्यात आली. या दराने 68 दिवस काम केले की 21,216 रुपये होतात. ज्या कायद्याने कुटुंबाला 100 दिवसांच्या कामाची हमी दिली, त्या हमीचा पुरता उपयोग करणारे कुटुंब दुसऱ्या योजनेच्या दाराशी श्रीमंत ठरते! शासनाचीच दोन मापे अशी एकमेकांना छेद देतात.

2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत रक्कम तीच, दरमहा 1,500 रुपये. परंतु उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये, म्हणजे जवळजवळ बारापट. शिवाय पिवळी वा केशरी शिधापत्रिका असल्यास उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट. या योजनेत वयाची मर्यादा 65 वर्षे आहे. ती ओलांडलेल्या स्त्रीला यानंतर श्रावणबाळ योजनेचे दार ठोठवावे लागते आणि तेथे अडीच लाखांऐवजी 21,000 ची अट पुढे येते. वय वाढून अंगातील काम करण्याची शक्ती कमी झाली नेमक्या त्याच वेळी पात्रता आकुंचन पावावी, याचे समर्थन करणे कठीण आहे.

मुलाची कमाई कोणाची?

उत्पन्न कुटुंबाचे मोजले जाते, पण ते कुटुंबातील वृद्धेच्या हाती पडते असे गृहीत धरता येत नाही. इंग्लंडने 1931 साली बेकारांच्या मदतीसाठी अशीच घरभर उत्पन्नाची तपासणी लागू केली होती. कमावत्या मुलामुलींचे वेतन बापाच्या मदतीतून वजा होऊ लागले, तेव्हा अनेक तरुण घर सोडून वेगळे राहू लागले. तेथे 1941 साली ही पद्धत मोडीत काढावी लागली. आपल्या खेड्यांत शिधापत्रिका विभक्त करून घेण्याकडे जो कल दिसतो, त्याचे एक कारण येथे सापडावे.

न विचारता कळणारी गरज

महाराष्ट्राने या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीच शोधले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली आणि तिचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. येथे उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला नाही. उन्हातान्हात खडी फोडावयास जो येईल तो गरजू, एवढीच परीक्षा. मात्र ती परीक्षा अंगात बळ असलेल्यांसाठी आहे. अंध, अपंग व वृद्ध यांना ती लावता येत नाही.

त्यांच्यासाठी उत्पन्न मोजण्यापेक्षा दिसणाऱ्या गोष्टी पाहणे बरे. घरात प्राप्तिकर भरणारा आहे काय, शासकीय नोकरी वा निवृत्तिवेतन आहे काय, ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन आहे काय, हे प्रश्न लाडकी बहीण योजनेच्या नियमांत आहेतच आणि त्यांची उत्तरे सबंध गावास ठाऊक असतात. असे केल्याने काही सुस्थितीतील वृद्धांनाही मदत जाईल व खर्च वाढेल, हे मान्य करावयास हवे. परंतु अपात्राला लाभ मिळाल्याची तक्रार होते, वृत्तपत्रांत छापून येते; पात्र असून वगळल्या गेलेल्या वृद्धेची तक्रार बहुधा होतच नाही. दोन चुकांपैकी दुसरी मला अधिक गंभीर वाटते.

मर्यादा ठेवावयाचीच असेल, तर ती रोजगार हमीच्या मजुरीदराशी जोडावी, म्हणजे दर वाढला की तीही आपोआप वाढेल. लाभार्थींच्या याद्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात, पण 26 जानेवारीच्या ग्रामसभेत नव्हेत. त्या दिवशी मंठ्याची, घनसावंगीची ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या फडांत असतात. 1 मे रोजी ती बहुतांशी गावी परतलेली असतात. यादीवर हरकत घेणारे आणि यादीतून सुटलेले, दोघेही तेव्हा हजर राहू शकतील.