रायफल आणि संयम : एक परिचयपाठ

धम्माच्या संस्कारांवर उभ्या असलेल्या शाळेच्या स्मरणिकेत रायफलीचा पाठ कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु खानदेशाला शस्त्र परके नाही. भुसावळ तालुक्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसे तयार होतात. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ आहे. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी आपली मुले रायफल ओळखतात ती मात्र चित्रपटातून. म्हणून तिचा खरा परिचय करून घेऊ.

रचना : पुण्यातील पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘इन्सास’ रायफल १९९०च्या दशकात भारतीय सैन्यात आली. तिच्याआधीच्या एसएलआरचे काडतूस ७.६२ मिलिमीटरचे होते, इन्सासचे ५.५६ मिलिमीटरचे. काडतूस हलके असल्याने जवान अधिक काडतुसे वाहून नेऊ शकतो आणि खांद्याला धक्काही कमी बसतो. गोळी सुटताना नळीतील वायूचा थोडा भाग एका छिद्रातून दट्ट्याला मागे ढकलतो. रिकामे काडतूस बाहेर पडते व मॅगझिनमधील पुढचे चेंबरमध्ये येते. मॅगझिनमध्ये २० काडतुसे मावतात. ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी, अथवा निवडल्यास तीन गोळ्यांचा बर्स्ट सुटतो. आता सैन्यात ७.६२ मिलिमीटरच्या नव्या रायफली तिची जागा घेत आहेत. हाताळणीचे मूळ नियम मात्र तेच आहेत.

हाताळणी : प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असे समजावे. नळीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेला असावे. लक्ष्य व त्यामागे काय आहे हे निश्चित झाल्याशिवाय बोट ट्रिगरवर नेऊ नये. रायफल खाली करताना क्रम फार महत्त्वाचा : आधी मॅगझिन काढावे, मग कॉकिंग हँडल मागे ओढून चेंबरमधील काडतूस बाहेर काढावे आणि चेंबर डोळ्यांनी पाहावे. हा क्रम उलटला, तर मॅगझिनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये चढते. मॅगझिन हाती आले म्हणून आपण रायफल रिकामी समजतो, आणि ती भरलेली असते. असे अपघात अज्ञानाने घडतात तसेच ‘मला माहीत आहे’ या गाफीलपणानेही घडतात.

तथागतांनी या गाफीलपणालाच प्रमाद म्हटले आणि अप्रमादाची शिकवण दिली. उपासकाने शस्त्रांचा व्यापार करू नये, असेही अंगुत्तर निकायात सांगितले आहे. मग सैनिकाचे काय? सुभेदार रामजी सकपाळांचे सुपुत्र असलेल्या बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या प्रश्नाला बगल दिली नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी भेद केला. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करण्याची मोकळीक देते आणि निर्णयाची जबाबदारीही त्याच्यावरच टाकते.

वर्दीत गेलेल्या व जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : नेम सरावाने साधतो, पण गरज आणि इच्छा यांतील अंतर ट्रिगरबाहेर थांबलेल्या बोटालाच कळते. ते बोट थांबवायला मनाला शिकवणे, हे आपल्या शाळेचे काम आहे.