‘रन’ या इंग्रजी शब्दाचा संसार

इंग्रजीच्या तासाला नवा शब्द आला कीं, आमचे बहुतेक विद्यार्थी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढतात. रेघेच्या डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. एका शब्दास एक अर्थ मिळाला म्हणजे त्यांचें समाधान होतें, आणि वही भरली म्हणजे पालकांचेंही समाधान होतें. या पद्धतीनें मांजर, खुर्ची, पेन्सिल हे शब्द सुखानें पाठ होतात. परंतु इंग्रजींत अवघ्या तीन अक्षरांनीं लिहिला जाणारा ‘रन’ हा शब्द आला कीं, रेघेच्या उजवीकडची जागा पुरत नाहीं. विद्यार्थी तेथें ‘धावणें’ असें लिहून मोकळा होतो, आणि दुसऱ्याच दिवशीं वाचनपाठांत त्यास आढळतें कीं, नळ धावत आहे, रस्ता धावत आहे, एक गृहस्थ दुकान धावत आहेत आणि आजीबाईंचें नाक धावत आहे! वर्ग हसतो, आम्हांसही हसूं येतें. तथापि हा घोटाळा होतो कसा, हें एकदां स्वस्थपणें पाहण्यासारखें आहे.

ऑक्सफर्ड येथील सुप्रसिद्ध बृहत् इंग्रजी शब्दकोशाचा पहिला भाग इ. स. १८८४ मध्यें निघाला व सबंध कोश इ. स. १९२८ मध्यें पुरा झाला. त्याचे थोर संपादक जेम्स मरे हे त्यापूर्वींच, इ. स. १९१५ मध्यें, निवर्तले होते. त्या आवृत्तींत ‘सेट’ या शब्दानें सर्वांत अधिक जागा घेतली होती. पुढें एकविसाव्या शतकांत कोशाची नवी आवृत्ति तयार होऊं लागली, तेव्हां तो मान ‘रन’कडे गेला. पीटर गिलिव्हर या कोशकारांनीं या एका क्रियापदावर सुमारें नऊ महिने खर्च केले, आणि इ. स. २०११ मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, क्रियापद म्हणूनच त्याचे ६४५ अर्थ भरले. नऊ महिने म्हणजे आपल्या शाळेचें जवळजवळ एक वर्ष! कोणीं घाबरूं नये. हे ६४५ अर्थ इंग्रज मुलांसही पाठ नसतात.

इतके अर्थ आले कोठून? जुन्या इंग्रजींत या धातूचा अर्थ पायांनीं धावणें असा होता, तसाच पाण्यानें वाहणें असाही होता. इंग्रजीची बहीण जी जर्मन भाषा, तिच्यांत ‘रेनेन’ म्हणजे धावणें आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणें असे दोन शब्द आजही निरनिराळे नांदतात. इंग्रजींत दोघांचें काम एकट्या ‘रन’वर येऊन पडलें. म्हणून कुंडलिका नदी जालना शहरांतून वाहते, नळ वाहतो, सर्दीनें नाक वाहतें, या सर्व ठिकाणीं इंग्रज मनुष्य ‘रन’ म्हणतो, व त्यांत त्यास हसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. धुण्यांत एका लुगड्याचा रंग दुसऱ्यास लागला, तर तो रंगही ‘रन’ झाला. जें वाहतें तें लांबवर जातें. तेव्हां जायकवाडीचा डावा कालवा अंबडकडे जातो आणि मनमाडचा लोहमार्ग जालन्यावरून परभणीकडे जातो, तेथेंही हाच शब्द. आगगाडी धावते हें ठीकच. पण इंग्रजींत तिच्या खालचे रूळही धावतात.

आतां गंमत पाहा. इंग्रजांचें जें धावतें, तें पुष्कळदां आमचें चालतें. कापसाचा जिन चालतो, लोखंडाची रोलिंग मिल चालते, पिठाची गिरणी चालते, दुकान चालतें, शाळा चालते. संगणकावरचा प्रोग्रॅम मुलें ‘रन’ करतात, पण मराठींत तोही चालतो. म्हणून ‘रन’ म्हणजे ‘चालणें’ असें वहींत लिहावें, तर तेंही फार दूर नेत नाहीं. कारण आमचें नाणें बाजारांत चालतें, आमचा श्वास चालतो, आणि पाहुण्यानें चहा विचारला असतां आम्ही ‘चालेल’ म्हणतों. तेथें ‘रन’ घातल्यास इंग्रज मनुष्य चकित होऊन पाहत राहील. क्रिकेटमध्यें मात्र मराठीनें सरळ शब्द उचलला: धाव, धावबाद, धावफलक. निवडणुकीचा प्रकार याहून मौजेचा आहे. अमेरिकेंतील उमेदवार निवडणुकीसाठीं ‘धावतो’, इंग्लंडांतील ‘उभा राहतो’. मराठी उमेदवारही उभाच राहतो. निवडून आल्यावर कोण चालतो आणि कोण बसतो, हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा आहे.

‘रन’च्या मागें ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘इन्टु’ असे लहानसे सोबती आले म्हणजे तो आणखीच वेष पालटतो. साखर ‘रन आउट’ झाली म्हणजे संपली. फलंदाज ‘रन आउट’ झाला म्हणजे धावबाद झाला. मोटार एखाद्यास ‘रन ओव्हर’ करील तर तो चिरडला जाईल. परंतु गुरुजींनीं धडा ‘रन ओव्हर’ करावयास सांगितला, तर त्यावरून फक्त नजर फिरवावयाची आहे.

हें सर्व परीक्षेपुरतें आहे असें कोणास वाटेल, म्हणून एक उदाहरण जरा विस्तारानें देतों. बोअरमध्यें सोडावयाच्या विजेच्या पंपाबरोबर छापील पत्रक येतें, आणि तें पुष्कळदां इंग्रजींत असतें. आपल्या जिल्ह्यांतील अनेक घरांत इंग्रजी वाचूं शकणारें पहिलें माणूस म्हणजे शाळेंत जाणारी मुलगी किंवा मुलगा. वडील विश्वासानें पत्रक त्याच्या हातीं देतात. त्यांत असें एक वाक्य असतें: ‘डू नॉट रन द पंप ड्राय.’ वहीच्या उजव्या बाजूवर भिस्त ठेवली, तर ‘पंप कोरडा धावूं नका’ असें कांहींतरी अर्थहीन हातीं येतें. मुलगी संकोचानें पुढच्या ओळीकडे वळते, आणि नेमकी तीच ओळ घरास कळवयाची राहते. अर्थ असा कीं, पाणी नसतां पंप चालवूं नका. पाण्यांत बुडून चालणाऱ्या या पंपाच्या बेअरिंगांस पाणी हेंच वंगण असतें, आणि मोटारीची उष्णताही भोवतालचें पाणीच वाहून नेतें. पाणी खालीं गेलें आणि पंप तसाच चालूं राहिला, तर बेअरिंगें झिजतात व मोटार जळते. १९७२ चा दुष्काळ आजोबांस आठवतो, २०१२-१३ चा वडिलांस आठवतो. कोरड्या वर्षीं मोटार जळणें म्हणजे काय, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

आतां याच दोन शब्दांचा दुसरा उपयोग पाहा. विहीर ‘रन ड्राय’ झाली म्हणजे ती आटली. पंप ‘रन ड्राय’ केला म्हणजे तो पाण्यावांचून चालविला. शब्द तेच असतां अर्थ निराळे झाले. ते ठरविले शेजारीं बसलेल्या विहिरीनें आणि पंपानें.

ही विद्या तुम्हांस नवी आहे असें समजूं नका. मराठींतील ‘लागणें’ हें क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, गंजीस आग लागते, मोसंबीस फळ लागतें, मामाला नोकरी लागते, पोहोंचावयास वेळ लागतो, आणि पाहुण्यांचें आपणांशीं नातें लागतें. एस. टी. फलाटास लागते, आणि घाटांत आजीला एस. टी. लागते. पांच वर्षांचें मूलही या दोहोंत चुकत नाहीं, कारण त्यानें हा शब्द सुटा कधीं ऐकलेलाच नसतो. जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपला मराठी-इंग्रजी कोश इ. स. १८३१ मध्यें प्रसिद्ध केला व इ. स. १८५७ मध्यें त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति काढली. अशा शब्दांचे एकेक अर्थ त्यास शास्त्रीपंडितांच्या साह्यानें वेंचावे लागले. आज ‘रन’पुढें आपल्या मुलांची जी स्थिति होते, ती ‘लागणें’पुढें परक्याची होते.

यास्तव आमची सूचना अशी कीं, वहींतील उभी रेघ पुसावी आणि शब्दाऐवजीं सबंध वाक्य उतरून घ्यावें. यांत इंग्रजी न येणाऱ्या पालकांसही साह्य करतां येतें. मुलानें ‘रन’ वाचला कीं, त्यांनीं मराठींत एवढेंच विचारावें: “कोण? आणि पुढें काय लिहिलें आहे?” या दोन प्रश्नांनीं जितका अर्थ उलगडतो, तितका पाठांतरानें उलगडत नाहीं, हा आमचा वर्गांतील अनुभव आहे.

खालील पांच ठिकाणीं इंग्रजींत ‘रन’ येतो. ‘धावणें’ हें क्रियापद न वापरतां प्रत्येकाचें मराठी करून आणावें. ओल्या कागदावर शाई ‘रन’ झाली. परवाना तीन वर्षें ‘रन’ होतो. मुलास ताप आहे, तर तो ताप ‘रन’ करतो. पत्राचा मजकूर असा ‘रन’ होतो. उंची त्यांच्या घराण्यांत ‘रन’ होते. पांचव्यासाठीं कोश न उघडतां घरांतील वडील माणसांस विचारावें; त्यांच्याजवळ त्यास एकाहून अधिक शब्द निघतील.