सिलतऱ्याची शिफ्ट आणि गणिताचा क्लास

प्रश्न : सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात साडेचार वर्षं क्वालिटी विभागात आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. झोप होत नाही, घरी आल्यावर मुलांवर ओरडतो. गणित शिकवायची पहिल्यापासून हौस. राजीनामा देऊन क्लास काढावा का? सासरे म्हणतात, लागलेली नोकरी सोडू नये.
— एक वाचक, रायपूर

उत्तर : क्लास जरूर काढा. राजीनामा मात्र आत्ता नको.

तुमच्या पत्रात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. तुम्हाला काम नकोसं झालंय की रात्रपाळी? भट्टी चोवीस तास पेटती ठेवावी लागते, त्यामुळे शिफ्ट टळत नाही. पण क्वालिटीत नमुने, रिपोर्ट, कच्च्या मालाची तपासणी अशी दिवसा करण्याजोगी कामंही असतात. साहेबांना लेखी अर्ज देऊन दोन-तीन महिने जनरल शिफ्ट मागा. झोप नीट लागू लागली आणि तरीही गेटपाशी पाय अडखळला, तर समजा की हे काम तुमचं नव्हे.

आता पैशांचं. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरदाराची सलग पाच वर्षं भरावी लागतात. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये धरले, तर दर वर्षाचे १५ दिवसांचे १५,००० होतात, म्हणजे पाच वर्षांचे ७५,०००. सहा महिन्यांच्या घाईपायी त्यावर पाणी कशाला सोडायचं? पीएफही पाच वर्षांच्या आत काढला तर सहसा कर लागतो. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी आधीच घ्या. जुन्या दुखण्यांना प्रतीक्षाकाळ असतो.

नोकरी सोडायचा विषय आला की रायपुरात पत्रकार माधवराव सप्र्यांचं नाव निघतंच. त्यांनी सरकारी नोकरी नाकारली, हे सगळे कौतुकाने सांगतात. पण जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं तेव्हा ते तिथल्या राजकुमारांना इंग्रजी शिकवून पगार घेत होते, आणि पाठीशी रायपूरचे वामनराव लाखे होते, ज्यांच्या नावाचं लाखेनगर आहे. एवढं असूनही पैशांअभावी मासिक १९०२ च्या अखेरीस थांबलं. मला तरी त्या नकारापेक्षा तो शिकवणीचा पगार जास्त शिकवून जातो.

तेव्हा जनरल शिफ्ट मिळाली की संध्याकाळी घरीच आठवी-नववीची चार-पाच मुलं घ्या. फी पहिल्या दिवसापासून घ्या. फुकट शिकवून धंद्याचा अंदाज येत नाही. पालक फी वेळेवर देतात का, मुलं टिकतात का, दिवसभर राबून आल्यावर तुम्हाला फळ्यापुढे उभं राहवतं का, हे एका सत्रात कळेल. नियुक्तिपत्रात बाहेरच्या कामाला मनाई नाही ना, तेवढं आधी वाचून घ्या.

मुलांवर ओरडणं मात्र क्लास सुरू होईपर्यंत तसंच चालू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने नोकरीतल्या अशा थकव्याची गणना आजारात केलेली नाही. त्याला कामाच्या नीट न हाताळलेल्या ताणाची अवस्था मानलं आहे. म्हणून स्वतःला कमकुवत समजू नका. पण दोन आठवडे झोपच नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. टाटीबंधच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो.

आणि सासऱ्यांशी वाद घालू नका. ७५,००० चा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा. निदान पुढच्या सहा महिन्यांपुरतं तरी तुमचं दोघांचं म्हणणं एकच आहे.