शेंकडा, पण कशाचा?

शेंकडेवारीचीं उदाहरणें सोडवितांना ‘शेंकडा कशाचा?’ हें पाहावयास आम्ही विद्यार्थी पुष्कळदां विसरतों. अमेरिकेंतील ट्रकच्या ड्रायव्हरास हा विसर परवडत नाहीं. तेथें कोणास मैलांवर वेतन मिळतें, तर कोणास खेपेच्या भाड्याचा ठराविक हिस्सा. समजा, भाडें २,००० डॉलर व हिस्सा शेंकडा २५. म्हणजे ड्रायव्हरास ५०० डॉलर. परंतु त्या भाड्यांतील ३०० डॉलर इंधनाचा अधिभार म्हणून कंपनीनें आधींच वगळले, तर बाकीच्या १,७०० वर ४२५ च हातीं येतात. शेंकडा तोच, रक्कम उणी! ट्रक रिकामा परत आणल्यास त्या मैलांचें भाडेंच नाहीं; मग हिस्सा कशाचा? दर चढले कीं कमाई चढते हें खरें. पण मंदींत ती उतरते, आणि दर ठरविणें कांहीं त्याच्या हातीं नसतें. आम्हांस ही हुकमतीवांचूनची भागीदारी वाटते.

तेथील संघराज्याच्या नियमांत मात्र एक शहाणपणाचें कलम आहे. स्वतःचा ट्रक कराराने कंपनीकडे लावणाऱ्याचा मोबदला शेंकडेवारीनें ठरला असेल, तर हिशेब चुकवितांना किंवा त्यापूर्वीं भाड्याच्या बिलाची प्रत त्यास दिलीच पाहिजे. कंपनीच्या पगारी ड्रायव्हरास तें कलम लागू नाहीं.