कोरड्या मुलखाचे शब्द : माणदेशी साहित्य वर्गात शिकवताना

'वाळवंट' हा शब्द फळ्यावर लिहिला की आजचा विद्यार्थी थर किंवा सहारा असे उत्तर देतो. भूगोलाच्या पुस्तकाने तो अर्थ त्याच्या मनात पक्का केलेला असतो. मराठीच्या घरातले वाळवंट मात्र नदीकाठचे आहे. चंद्रभागेचे वाळवंट म्हटले की टाळ-मृदंग आठवतात, दिंड्या आठवतात. संतांच्या अभंगांतले वाळवंट हे तहानेचे नसून भेटीचे ठिकाण आहे. मरुभूमीसाठी मराठी माणसाला रोजच्या बोलण्यातला वेगळा शब्द फारसा लागला नाही, कारण मराठी मुलखात मरुभूमी नाही. मात्र तिच्या अंगाने जाणारा एक कोरडा पट्टा आपल्याकडे आहे, आणि त्या पट्ट्याने मराठीला जे साहित्य, जी दैवते आणि जी शब्दसंपत्ती दिली, ती पावसाच्या मानाने पाहता थक्क करणारी आहे. हा पट्टा म्हणजे माणदेश.

शंभू महादेवाच्या डोंगररांगेत उगम पावणारी माण नदी म्हसवड, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा या मुलखातून वाहत जाऊन पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेला मिळते. 'वाहत जाऊन' हे क्रियापद इथे सवयीने वापरले. वर्षातले बरेच महिने ती वाळूच असते, आणि त्या वाळूत झरा उकरून, वाटीवाटीने घागर भरण्यात बायकांच्या पिढ्या गेल्या. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर पाणी टाकून रिकामे होतात आणि त्यामागच्या पर्जन्यछायेत हा मुलूख पडतो. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस, तोही बराचसा परतीचा. जैसलमेरच्या २०० मिलिमीटरहून कमी पावसापुढे हा आकडा मोठा वाटेल. तरी पाऊस किती पडतो यापेक्षा तो येईल की नाही याची खात्री नसणे, हे दोन्ही मुलखांतले समान सूत्र आहे.

सांबऱ्यासारख्या ठिकाणी राहून माणदेशावर लिहायचे कारण काय, असे कोणी विचारील. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबी-जांबोटीचा मुसळधार घाटमाथा आहे आणि पूर्वेला रायबाग-अथणीचा कोरडा भाग. आम्ही मध्ये बसलो आहोत. सांबऱ्याहून पूर्वेकडे निघावे तसा पाऊस उतरत जातो, भात मागे पडते, ज्वारी पुढे येते, आणि मराठीच्या शेजारी कन्नडचा आवाज वाढत जातो. माझ्या वर्गातल्या मुलांच्या शिवारात सुगीनंतर मेंढपाळांचे तळ पडतात. म्हणजे 'बनगरवाडी' समजून घेण्याची किल्ली त्यांच्या बांधावरच असते. पण परीक्षेच्या नोट्समध्ये 'प्रदेश हाच या कादंबरीचा नायक आहे' हे वाक्य पाठ केले की ती किल्ली हाती घ्यायची गरज उरत नाही. हे वाक्य खोटे नाही. ते फार लवकर मिळते, एवढीच तक्रार आहे.

म्हणून काही वर्षांपासून मी शिकवायला सुरुवात कथानकापासून न करता शब्दांपासून करतो. ज्या शब्दांचा प्रमाण मराठीतला अर्थ आपल्याला चकवतो, ते आधी घ्यायचे.

पहिला शब्द 'वाडा'. वाडा म्हणजे चौसोपी, दगडी, खानदानी घर, हे मुलांना ठाऊक असते. धनगरांचा वाडा चालतो. काही कुटुंबे, त्यांची मेंढरे, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरेबाळे मिळून जो समूह चारणीसाठी बाहेर पडतो तो वाडा. एकाच शब्दाने स्थिर माणूस दगडी भिंत सांगतो आणि फिरता माणूस सोबत सांगतो. माडगूळकरांच्या या कादंबरीचे राम देशमुखांनी १९५८ मध्ये इंग्रजी भाषांतर केले, त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'गावाला भिंती नव्हत्या' असा आहे. वाडा हा शब्द कळला की ते शीर्षक किती नेमके आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा शब्द 'बसवणे'. आमच्या भागात आणि कोल्हापूरकडे 'बकरी बसवली' असे म्हणतात. इथली बकरी म्हणजे मेंढी. शेळीला शेळीच म्हणायचे. कळप रात्री शेतात कोंडायचा, सकाळपर्यंत लेंडीखत आणि मूत्र जमिनीला मिळते, आणि त्याच्या मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. एका क्रियापदात एक करार मावलेला आहे. शेतकऱ्याला खत हवे, धनगराला चारा आणि दाणा हवा. दोघांची जात वेगळी, पुष्कळदा भाषाही वेगळी, तरी वर्षानुवर्षे एकाच शेतात तोच तळ पडतो. मुलांनी हा शब्द घरातल्या आजोबांना विचारला की वर्गात एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात, हा माझा अनुभव आहे.

तिसरा शब्द 'वाघर'. मेंढरांभोवती खुंट्या ठोकून लावायची जाळी. एका विद्यार्थिनीने सांगितले, "सर, वाघापासून राखते म्हणून वाघर." तर्क सुरेख आहे, आणि लांडग्याच्या मुलखात तो सुचावा हेही साहजिक, परंतु मूळ संस्कृत 'वागुरा', म्हणजे पारध्याचे जाळे. जनावर पकडण्याचे जाळे जनावर राखण्याच्या कामी आले, अशी ही शब्दाची वाटचाल. लोकव्युत्पत्ती कशी घडते हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.

हे शब्द गोळा करताना एक गोष्ट ध्यानात येते. आपण माणदेशाला 'दुष्काळी' म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. सरकारी कागदावर तो 'अवर्षणप्रवण' असतो. दोन्ही शब्द अभाव सांगतात. पण दख्खनी मेंढराच्या दृष्टीने पाहिले तर चित्र उलटे दिसते. सततच्या पावसात मेंढराचे खूर कुजतात, लोकर भिजून जड होते, रोग पसरतो. म्हणूनच सुगीनंतर पश्चिमेकडे उतरलेले वाडे पावसाळ्याच्या तोंडावर माघारी कोरड्या मुलखाकडे वळतात. मेंढराचे माहेर तिथले आहे. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने मेंढ्यांची एक जात ओळखली जाते. खिलार बैल याच मुलखाचा. 'खिल्लार' या शब्दाचा मूळ अर्थच गुरांचा कळप. काळ्या खरबरीत लोकरीचे घोंगडे सणगर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. ते अंथरायचे, पांघरायचे, पावसात त्याची खोळ करायची आणि देवाचे आसन म्हणूनही तेच मांडायचे. ही जीवनपद्धती दुष्काळाने लादलेली नाही. कोरडेपणा जाणून घेऊन ती बेतलेली आहे. दुष्काळ येतो तेव्हा तीही मोडते, हा भाग वेगळा.

आता दैवतांकडे वळू. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधले. त्याआधी गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने वाड्यांवर फिरून धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरील आपला ग्रंथ १९७६ मध्ये सिद्ध केला. निपाणीपासून फार लांब नसलेल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव एकाच देवळात, एकाच यात्रेत पुजले जातात. महासमन्वय हा ग्रंथातला शब्द तिथे भंडाऱ्याने माखलेला पाहायला मिळतो. 'बीर' हे 'वीर'चेच रूप, 'व'चा 'ब' करून कन्नडने सांभाळलेले. आमच्याकडचा बीरप्पा आणि माणदेशातला बिरोबा एकच.

पट्टणकोडोलीच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक होते. मराठीत भाकणे म्हणजे भविष्य सांगणे. कर्नाटकात मैलारला होणाऱ्या अशाच देववाणीला 'कारणीक' म्हणतात. भाकणुकीत पहिला मान पावसाचा असतो, कारण ऐकणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न तोच असतो. पावसाच्या नक्षत्रांना शेतकऱ्यांनी दिलेली नावे इथे मुलांकडून म्हणून घ्यावीत : पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, मघेचा सासूचा आणि पूर्वेचा सुनांचा. ज्याची वाट पाहावी लागते, त्याला माणसांची नाती दिली जातात. घाटमाथ्यावर, जिथे चार महिने आभाळ उघडत नाही, तिथे ही नावे एवढ्या असोशीने घेतली जात असतील असे मला वाटत नाही.

हीच गोष्ट थरमध्ये अधिक ठळकपणे दिसते. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या हिंदी पुस्तकात तिथल्या पाण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पावसाचे थेट मिळणारे पाणी ते पालर, खोल विहिरीचे ते पाताल, आणि वाळूखालच्या खडीच्या थरावर अडून राहिलेली ओल, जी अरुंद कुंईत थेंबाथेंबाने झिरपते, ती रेजाणी. जिथे पाणी सर्वांत कमी, तिथे पाण्याला नावे अधिक. गाण्याच्या बाबतीत मात्र थर आणि माणदेश वेगळे पडतात. लंगा आणि मांगणियार हे पिढीजात गायक. त्यांना यजमान असतात, गाणे हा त्यांचा व्यवसाय. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० मध्ये बोरुंद्यात उभारलेल्या रूपायन संस्थानाने या परंपरेचे मोठे काम केले, आणि ती जगभरच्या रंगमंचांवर गेली. धनगरी ओवीला यजमान नाही. जो मेंढरे राखतो तोच रात्री 'सुंबरान' मांडतो. सुंबरान म्हणजे स्मरण. ऐकणारेही वाड्यातलेच. त्यामुळे मिरवणुकीत गजनृत्याला जागा मिळते, ढोल वाजतात, छायाचित्रे निघतात. पण रात्रभर चालणारी, गद्यातून पद्यात जाणारी दीर्घ ओवी मंचावर मावत नाही. ती ऐकायची तर तळावरच जावे लागते.

एवढी तयारी झाली की पुस्तके उघडायची. 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) ही व्यंकटेश माडगूळकरांची दोन पुस्तके बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आलटून-पालटून येतात. 'बनगरवाडी'चा शेवट मुलांना अनेकदा अर्धवट वाटतो : पाऊस नाही, मेंढरे मरतात, माणसे गाव सोडून निघून जातात आणि मास्तरही. 'पुढे काय झाले?' असा प्रश्न हमखास येतो. 'जगायला जाणे' हा प्रयोग ज्याला कळला, त्याला तो पडत नाही. औंध संस्थानातली ती शाळा आणि ती तालीम स्थिर जगाची स्वप्ने होती. माणसे आपल्या जुन्या, फिरत्या शहाणपणाकडे परतली. हे हरणे की टिकणे, यावर वर्गात तासभर वाद होऊ शकतो, आणि तो होऊ द्यावा.

त्याच आटपाडीचे दुसरे पुस्तक शेजारी ठेवल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही : शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१). माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाईच्या आणि खरात १९८४ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका तालुक्याने लागोपाठ दोन अध्यक्ष द्यावेत हा योग दुर्मीळच. पण दोघांच्या आटपाडीत अंतर आहे. कोरड्या मुलखात पाणी कमी होते, म्हणून ते सगळ्यांना सारखेच कमी नव्हते. गावकीची कामे करणाऱ्या महाराच्या घरातून पाणवठा कसा दिसतो, हे खरात सांगतात. माडगूळकरांची निवेदनशैली संयत आहे, तिचे कौतुक खूप झाले. खरातांना मात्र 'दलित आत्मकथन' या वेगळ्या प्रश्नपत्रिकेत बसवले जाते आणि त्यांचा माणदेश प्रदेश म्हणून वाचायचाच राहतो. ही विभागणी अभ्यासक्रमाच्या सोयीची आहे, वाङ्मयाच्या नव्हे.

टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे कृष्णेचे पाणी आता आटपाडी, सांगोला, जतच्या शिवारांत पोहोचते आहे. डाळिंबाच्या बागा आहेत, काही ठिकाणी ऊसही. याचे दुःख करणारा अभ्यासक मला परवडत नाही. वाळूतला झरा उकरणाऱ्या बाईला नळ मिळाला तर त्यात भाषेचे काही नुकसान झाले, असे मी म्हणणार नाही. पण चराऊ पडीक जमिनी बागाईत झाल्या, कुंपणे आली, रासायनिक खत आले, आणि 'बसवणे' या क्रियापदाचा करार ठिकठिकाणी सुटत चालला आहे. तो शब्द जाणणारी माणसे आज साठीच्या पुढची आहेत. मराठीचे वर्ग आमच्याकडे दरवर्षी लहान होत आहेत, हेही त्याच वेळी घडते आहे. म्हणजे विचारणारे आणि सांगणारे, दोघेही कमी होत आहेत.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षभरात दहा शब्द आणायला सांगतो : शब्द, तो कोणी कोणत्या कामाच्या संदर्भात सांगितला, आणि त्याचा कन्नड जोडीदार. मेंढरू आणि कुरी, घोंगडे आणि कंबळी, वाडा आणि हट्टी. तळावरचे मेंढपाळ पुष्कळदा कन्नडच बोलतात, त्यामुळे दोन्ही भाषा येणारे आमचे विद्यार्थी या कामात पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांपेक्षा पुढे असतात. सीमाभागातल्या मुलांना ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी होती. माघी पौर्णिमेला रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्काची यात्रा भरते. देवी मूळची माणदेशातली, राक्षसांचा पाठलाग करत इथवर आली, अशी भाविकांची समजूत आहे. महाराष्ट्रातून वाडेच्या वाडे तिथे उतरतात. यंदा वह्या घेऊन तिकडे जायचे ठरले आहे. पहिला प्रश्न मुलांनीच काढला आहे : देवी कोणत्या वाटेने आली, आणि त्या वाटेवर पाणी कुठे कुठे होते?