साथीने आखलेले रस्ते

मुंबईचा नकाशा पुढे ठेवून पाहा. मांडवी, भुलेश्वर या जुन्या भागांतील गल्ल्या सुताच्या गुंत्यासारख्या दिसतात. पण त्या गुंत्यातून मधूनच एखादा सरळ, रुंद रस्ता समुद्राच्या दिशेने गेलेला आढळतो. हे रस्ते कोणा हौशी राजाने आखलेले नाहीत. ते आखावयास प्लेगने भाग पाडले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत काही माणसे तीव्र ताप येऊन, जांघेत गाठ उठून दगावू लागली. हा प्लेग होय, हे प्रथम ओळखले ते मूळच्या गोव्यातील हडफडे गावच्या डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. चीनमधून निघालेली ही महासाथ १८९४ मध्ये हाँगकाँगला पोहोचली होती. तेथून ती जहाजांबरोबर मुंबई बंदरात उतरली, असे मानतात. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची पेठ. तेथे आधी उंदीर मेले, मागोमाग माणसे. लक्षावधी लोकांनी गावाची वाट धरली. १८९१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ७ लाख ७६ हजारच भरली.

रोग पसरतो कसा, हे तेव्हा कोणास नक्की ठाऊक नव्हते. ओल, काळोख आणि कोंदट हवा हेच त्याचे मूळ, अशी बहुतेक अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून भिंतींना चुना दिला गेला, ऊन यावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली आणि कित्येक घरांवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ अशी खूण झाली. चाळींची स्थिती खरोखरच वाईट होती. मधल्या खोल्यांना खिडकी नसे. दोन चाळींमधील बोळ म्हणजे उघडे गटारच.

१८९८ साली कायदा करून सरकारने ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली. जमीन ताब्यात घ्यावी, वाईट वस्ती पाडावी, रस्ते काढावेत, हे तिचे काम. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा, या हेतूने तिने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड पूर्व-पश्चिम आखले. नव्या इमारतींसाठी पुढे प्रकाशाचा एक नियमही आला. त्याचा अर्थ सोपा आहे : समोर जितकी मोकळी जागा, तिच्या दुपटीहून इमारत उंच नसावी. म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाश दिसे. उत्तरेस दादर-माटुंग्याच्या शेतांवर तर घरांच्या आधी रस्ते आणि बागा आखल्या गेल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी तेथेच वसल्या.

पण नकाशावरील रेघ ज्याच्या घरावरून जाई, त्याचे काय? गोदीत ओझी वाहणाऱ्या हमालाला काम असे तेथून जवळच राहणे भाग होते. घर पडले की तो कुटुंब घेऊन शेजारच्या गल्लीत शिरे, आणि तेथे एका खोलीत दोन बिऱ्हाडे होत. आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने पाडलेली घरे पुष्कळ आणि बांधलेली थोडी. जी गर्दी मोडावयाची, तीच दुसरीकडे दाटली.

इतक्यात रोगाचे खरे वाहक कळले. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले होते. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत ते सिद्ध झाले. वारा आत आणून पिसू मरत नाही! तथापि रस्त्यांचे काम थांबले नाही, आणि ते योग्यच झाले; कारण काळोख्या खोलीत क्षयासारखे रोग बळावतातच.

दाट वस्ती फोडण्यापेक्षा वस्ती होण्याआधीच आखणी करणे स्वस्त पडते, हेही या अनुभवातून उमगले. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. भारतातील तो या प्रकारचा पहिला. वेड्यावाकड्या शेतांचे तुकडे एकत्र करावयाचे, रस्त्यांसाठी व बागांसाठी भाग काढावयाचा आणि उरलेली जमीन नीट चौकोनी करून ज्याची त्याला परत द्यावयाची, अशी त्याची रीत होती.

१९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला. त्याने कामगारांसाठी बांधलेल्या चाळींना मात्र लोक आजही बी. आय. टी. चाळी म्हणतात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहत होते.