आकडा शंभरचा, पण बोलणं तुटतंय

जर्मनीत नव्याने राहायला येणारी आपली मंडळी घर बघताना हीटिंगचं विचारतात, तळघराचं विचारतात, सायकल कुठे ठेवायची तेही विचारतात. इंटरनेटच्या बाबतीत मात्र ‘किती एमबीपीएस?’ एवढं विचारून मोकळी होतात. मी एरलांगेनला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या करड्या पेटीपर्यंत फायबर आलंय, पण पेटीपासून माझ्या भिंतीतल्या सॉकेटपर्यंत तीच पूर्वीची टेलिफोनची तांब्याची जोडी आहे आणि तिच्यावर शंभर एमबीपीएसचं व्हीडीएसएल. इथल्या कितीतरी घरांत अजून हाच प्रकार आहे, म्हणून हे लिहितोय.

संध्याकाळी सातच्या पुढे बोलणं तुटायला लागायचं. मीटिंगमध्ये समोरच्याचं अर्धं वाक्य गायब. पुण्याला आईला फोन लावला की ‘ऐकू येतंय का गं?’ यातच वेळ जायचा. समोरच्या दारी राहणाऱ्या आजींचा घरचा फोनही खरखरायचा. हल्ली इथले साधे फोनही इंटरनेटवरूनच चालतात, त्यामुळे त्यांची आणि माझी दुखणी एकच होती. त्या बिचाऱ्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. मी स्पीड टेस्ट लावली की नव्वदच्या वर आकडा. कंपनीचा माणूस आला तो सकाळी अकराला. त्याच्या यंत्रावर सगळं हिरवं दिसलं आणि ‘लाइन उत्तम आहे, वायफाय बघा’ म्हणून तो निघून गेला. लॅपटॉप तर केबलनेच जोडलेला होता.

स्पीड टेस्ट खोटं बोलत नव्हती. ती एकदम अनेक जोडण्या उघडते, वाटेत हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवून घेते आणि शेवटी सरासरी सांगते. डाउनलोडला तेवढं पुरतं. आवाजाचं तसं नाही. बोलणं साधारण वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातं, आणि हरवलेला तुकडा पुन्हा मागवून तो पोचेपर्यंत पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. म्हणून तो कुणी मागवतच नाही. बोलणं धड चालायचं तर चूक तारेवरच, करडी पेटी आणि घरातला राउटर यांच्यातच निस्तरावी लागते.

तारेवर काय चालतं ते थोडं खोलात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. डीएसएल उपलब्ध फ्रिक्वेन्सी 4.3125 किलोहर्ट्झच्या बारीक पट्ट्यांत विभागतं; माझ्या लाइनसारख्या 17 मेगाहर्ट्झपर्यंतच्या व्हीडीएसएलमध्ये असे 4,096 पट्टे असतात. सगळे पट्टे मिळून सेकंदाला 4,000 सिम्बॉल जातात, म्हणजे एक सिम्बॉल पाव मिलिसेकंदाचा. शंभर एमबीपीएसला तेवढ्यात 25,000 बिट, अर्थात 3,125 बाइट बसतात. कुणाच्या फ्रिजचा रिले खटकन पडला आणि पाव मिलिसेकंद गोंगाट झाला, की दोन अख्खी पॅकेट गेली.

यावरचा जुना उपाय अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी 1960 मध्ये मांडलेल्या गणितातून आला. 255 बाइटांचा गट करायचा आणि त्यातले 16 बाइट नुसते पडताळणीसाठी राखायचे. मग गटातले कुठलेही 8 बाइट बिघडले तरी घेणारा ते स्वतःच ओळखून सुधारतो, पाठवणाऱ्याला विचारावंही लागत नाही. पण इथे 8 नाही, सलग 3,125 बाइट बिघडलेत. म्हणून डेटा पाठवण्यापूर्वी त्याची सरमिसळ करतात, तिला इंटरलीव्हिंग म्हणतात. एका घरातली सगळी माणसं एकाच गाडीत न बसवता वेगवेगळ्या गाड्यांत विभागावीत, तसं. आघात एकाच जागी होतो, पण प्रत्येक गटाच्या वाट्याला आठच बिघडलेले बाइट येतात. हिशेब मांडा: 3,125 भागिले 8, म्हणजे साधारण 391 गट हवेत, 391 गुणिले 255, म्हणजे जवळपास लाखभर बाइट आधी गोळा व्हायला हवेत. शंभर एमबीपीएसला त्यासाठी 8 मिलिसेकंद लागतात. दोन सिम्बॉलांचं संरक्षण हवं असेल तर 16. आणि हा उशीर प्रत्येक पॅकेटला, गोंगाट असो वा नसो.

पुण्याच्या घरी एडीएसएल होतं तेव्हा धाकट्या भावाला गेमसाठी पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा उशीर, कमी हवा होता. त्याने लाइनमनला गाठून इंटरलीव्हिंग काढून घेतलं. पिंग झटक्यात खाली आला, घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण वळवाचे ढग जमले आणि दूर कुठे वीज चमकली तरी मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागला. त्याच मोडेमच्या पानावर, कुठल्या पट्ट्यावर किती बिट चाललेत याचा आलेख असायचा. आमची तार खांबावरून खिडकीपर्यंत उघडी लोंबत होती, आणि त्या आलेखात 184 व्या पट्ट्यापाशी कायमचा खड्डा होता. 792 ला 4.3125 ने भागून बघा. 792 किलोहर्ट्झवर पुणे आकाशवाणी. तिचा त्रास मात्र कधी झाला नाही, कारण कायम असणारा गोंगाट मोडेम जोडणीच्या वेळीच मोजतं आणि तेवढे पट्टे टाळतं. खरा घोळ घालतो तो अधूनमधून येणारा गोंगाट.

त्यावरचा नवा उपाय 2010 मध्ये आयटीयूच्या जी.998.4 या मानकात आला, त्याला जी.आयएनपी म्हणतात. यात पाठवणारं यंत्र प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालतं आणि त्याची प्रत थोडा वेळ स्वतःजवळ ठेवतं. घेणारा सतत पोचपावती देतो. जो तुकडा बिघडला तेवढाच पुन्हा येतो, आणि मागचे तुकडे क्रम लागेपर्यंत रोखले जातात. उशीर काही मिलिसेकंदांचा, तोही फक्त गोंगाट झाला तेव्हाच. एरवी पिंग जवळपास मोकळा. इंटरलीव्हिंगपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे, यात मला शंका नाही.

पण या शहाणपणाला मर्यादा आहेत. प्रती ठेवायची जागा मोजकी असते, आणि किती उशीर चालेल याची हद्द कंपनीने घातलेली असते. तेवढ्यात तुकडा धड आला नाही, तर यंत्र नाद सोडून पुढे जातं. शिवाय पुन्हा पाठवलेला तुकडाही गोंगाटात सापडू शकतो. इथली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे एखादा खराब चार्जर किंवा एलईडीचा दिवा सेकंदाला शंभरदा, दर 10 मिलिसेकंदांनी ठोका देतो, तो जी.आयएनपीला सहसा झेपतो. लांबलचक, सलग गोंगाट आला की सगळं कोसळतं. तोवर मात्र दुरुस्ती इतकी बेमालूम चालते, की लाइन आजारी आहे हे कळतच नाही.

म्हणून राउटरचं पान उघडायला शिका. माझ्याकडे फ्रिट्झबॉक्स आहे, इथे तो घरोघरी दिसतो. डीएसएलच्या पानावर दोन आकडे शेजारी शेजारी असतात: एफईसी, म्हणजे दुरुस्त झालेल्या चुका, आणि सीआरसी, म्हणजे दुरुस्त न झालेल्या. गेल्या पंधरा मिनिटांतल्या किती, हेही तिथेच दिसतं. दुपारी माझं सीआरसी शून्य असायचं. रात्री आठला पंधरा मिनिटांत शेकड्यांनी. सकाळी अकराला आलेल्या माणसाला काय दिसणार?

गोंगाट कुठला, ते स्पेक्ट्रमच्या पानाने सांगितलं. तिथे प्रत्येक पट्ट्यावर सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते दिसतं. संध्याकाळी दोन मेगाहर्ट्झच्या पुढे सगळा आलेख खचायचा, पण 7 ते 7.3 मेगाहर्ट्झच्या दरम्यान एक तुकडा जसाच्या तसा उभा. मी तो बघत बसलो, आणि मग लक्षात आलं: हा हौशी रेडिओवाल्यांचा बँड, आणि तो मुद्दाम सोडून देणारी घरगुती वस्तू म्हणजे पॉवरलाइन अडॅप्टर. विजेच्या वायरीतून इंटरनेट नेणारे ते पांढरे डबे दोन मेगाहर्ट्झपासून वर, म्हणजे नेमके व्हीडीएसएलच्याच हद्दीत काम करतात. वापर नसताना ते बऱ्यापैकी गप्प असतात. त्यांच्यावरून सिनेमा सुरू झाला की बोलायला लागतात.

खालच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याकडे टीव्हीमागे असा डबा निघाला, हाताला चांगलाच गरम लागत होता. त्याने तो उपटला, मी वर राउटरचं पान उघडून बसलो होतो. काही सेकंदांत आलेख भरून आला आणि सीआरसीचा आकडा जागच्या जागी थांबला. मुलगा समंजस होता, त्याने पाच-सात युरोंची लॅनची केबल टाकली. शेजारी ऐकणारा नसेल तर बुंडेसनेत्झआगेंटूर, म्हणजे केंद्रीय नेटवर्क प्राधिकरण, अशा रेडिओ-उपद्रवाची मोजणी करायला माणसं पाठवतं. पण आधी दार ठोठवा. कागदोपत्री तक्रारीने इमारतीतलं वातावरण बिघडतं ते बिघडतंच.

पॉवरलाइन नसेल तर बॅटरीवरचा जुना रेडिओ घ्या, मीडियम वेव्हवर जिथे कुठलं स्टेशन नाही तिथे काटा ठेवा आणि घरभर फिरा. ज्या चार्जरजवळ किंवा दिव्याजवळ घरघर वाढते, तो बंद करून सीआरसी बघा. भिंतीतल्या पहिल्या सॉकेटच्या मागे जुनी, कुठेच न जाणारी टेलिफोनची वायर जोडलेली असेल तर ती काढून घ्या. अशी लोंबती वायर गोंगाट पकडणारी अँटेनाच होऊन बसते.

आणि राउटर सारखा बंद-चालू करू नका. जोडणी होते त्या क्षणी जेवढा गोंगाट असेल, त्यावर वेग ठरतो. दुपारी रीस्टार्ट केलात तर आकडा देखणा येईल आणि संध्याकाळी तोच झेपणार नाही. अगदी करायचाच तर गोंगाट ऐन भरात असताना करा. वेग थोडा कमी मिळेल, पण बोलणं तुटणार नाही. बऱ्याच कंपन्यांची देखरेखीची यंत्रणा स्वयंचलित असते. वारंवार तुटणारी लाइन तिला कच्ची वाटते आणि ती वेग उतरवून टाकते. मग तो परत चढायला वेळ लागतो. फ्रिट्झबॉक्समध्ये वेगाकडून स्थैर्याकडे सरकवायच्या पट्ट्या आहेत. शोध चालू असेपर्यंत एकेक घर स्थैर्याकडे सरकवलंत तर निदान मीटिंगची लाज राखली जाते.

कंपनीला फोन कराल तेव्हा ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. तसं म्हणालात की तिकडून स्पीड टेस्ट लावतात आणि तक्रार निकालात निघते. अमुक वेळी पंधरा मिनिटांत दुरुस्त न झालेल्या चुका इतक्या, अमुक वेळी इतक्या, असं सांगा आणि त्याच वेळेला माणूस मागा. पिंग कमी व्हावा म्हणून दुरुस्ती बंद करायला तर मुळीच सांगू नका, जी.आयएनपी चालू असेल तर काढण्याजोगा उशीर फारसा उरलेलाच नसतो. आणि एफईसीचा आकडा लाखांत गेलेला दिसला म्हणून घाबरू नका. तो शून्य कधीच होत नाही. माझा आजही भराभर चढतोय, सीआरसी शून्य आहे आणि आजींचा फोन स्वच्छ चालतो.